वहिनीसाठी राखलेलं नाव

लग्न होऊन मी रतलामला निघाले तेव्हा डहाणू रोडच्या फलाटावर घोलवडच्या चिकूच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला उभे राहून आमचे अण्णा नाक शिंकरत होते. रडत नव्हते, सर्दी झाली होती, असं त्यांचं म्हणणं. गाडी हलायच्या वेळी ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "पत्र टाकत जा. आणि नावांकडे लक्ष असू दे." नवऱ्याला काही उमगेना. मग सुरतपर्यंत मी त्याला आमच्या घरची तऱ्हा सांगत बसले.

आमच्याकडे मुलाचं नाव शेवटून ठरायचं. पंचांगातलं जन्मनाव पत्रिकेत पडून राही. हाकेचं नाव मात्र 'क'वर संपलं पाहिजे. पणजोबा माणिक, आजोबा त्र्यंबक, अण्णा विनायक, दादा अशोक. का, ते विचारू नका, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा वापरलेलं नाव पुन्हा ठेवायचं नाही, आणि निवडायचं ते आत्याने. अण्णा तलासरीच्या शाळेत मास्तर, शनिवारी घरी यायचे. त्यांच्या वर्गात पाड्यांवरची मुलं असत, जन्मवारावरून नाव पडलेली, सोमा, बुध्या अशी. अण्णा म्हणत, "त्यांचं बरं आहे, सात वारांत भागतं." दादाला मी एकटीच बहीण, तेव्हा पुढच्या पिढीची मदार माझ्यावर. परकरात होते तेव्हापासून मी नावं गोळा करत होते. हे सगळं ऐकून नवरा, जो रेल्वेत पार्सल क्लार्क होता, गंभीरपणे म्हणाला, "फाटक ठेवा की. आमच्याकडे भरपूर आहेत."

माझ्या साठ्यातलं सगळ्यात देखणं नाव होतं दीपक. ते मी लग्नाआधीच वहिनीला सांगून बसले होते. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, "वन्सं, एवढं एक आमच्यासाठी राखून ठेवा हं." मी ऐटीत म्हटलं, "ठेवलं, जा!"

रतलामला रेल्वेचं क्वार्टर बरं होतं. नळ होता, वीज होती. पण डहाणूसारखी दारावर वरोरची मासळीवाली तिथे कुठून येणार? पोह्यांवर शेव पडायची, शेजारीण मला 'बाईसा' म्हणायची आणि वर्षभरात मीही भाजीला सब्जी म्हणू लागले. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. फक्त मी कोणाची कोण, हे तिथे एकालाही माहीत नव्हतं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण आई कधीच वारली होती आणि वहिनीच्या डोळ्यांसमोर माझं वाढतं पोट नको, म्हणून मी रतलामलाच राहिले. बघा, एवढा विचार केला मी तिचा! आणि बाराव्या दिवशी पाळण्याशी वाकून नणंदेने विचारलं, "काय नाव सांगू गं?" तर माझ्या तोंडून आलं, "दीपक." चुकून नाही आलं. पाळण्यातलं पोर माझ्या माहेरचं दिसावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. मुलीच्या मुलाला ते अक्षर द्यायची पद्धत नव्हती. मी दिलं. चोरलं म्हणा हवं तर.

अण्णांचं पोस्टकार्ड आलं. "नाव चांगले आहे. सूनबाईस तुझे पत्र अजून वाचून दाखवले नाही." त्यानंतर दादाच्या पत्राखाली वहिनीच्या दोन ओळी असायच्या, त्या बंद झाल्या. मी तीन पत्रं लिहिली, तिन्हींत दीपकच्या दातांबद्दल आणि हवेबद्दल. माफीचा शब्द काही लिहवेना. हट्टी होतेच मी, आहेच.

चार वर्षांनी तार आली. वहिनीला मुलगा झाला होता. दीपकला घेऊन मी डहाणूला धावले. उरलेल्या साठ्यातून वाटेत तीन नावं निवडली होती, आलोक, रसिक आणि पुंडलिक. पुंडलिक उगाच, भरतीचं.

वहिनी पाळण्याजवळ बसली होती. तिने आधी दीपककडे पाहिलं, खूप वेळ. मग त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. मी नावं सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "वन्सं, ते अक्षर तुम्ही घेऊन गेलात. राहू दे तुमच्याकडेच. याचं नाव सुधीर."

दादा खाली बघत होता. अण्णा आता निवृत्त होऊन घरीच असत. आरामखुर्चीतून काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आई आहे ती त्याची." बस, एवढंच. चार पिढ्यांचा नेम अण्णांनी पानाचा विडा लावता लावता संपवला.

मला रडू फुटलं. "वहिनी, चुकलं गं माझं," मी म्हणाले. "चुकलं खरंच," ती म्हणाली. "सहा महिने मी तुमचं नाव काढलं नाही घरात. आता उठा. आत्याशिवाय बारसं होतं का कुठे?"

मी उठले, पाळण्यात वाकले आणि बाळाच्या कानात त्याच्या आईने निवडलेलं नाव सांगितलं. ज्या कामासाठी लहानपणापासून तयारी केली होती, त्यात माझं स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं, आणि तरी त्या घरात इतक्या हक्काने मी कधीच उभी राहिले नव्हते.

माझ्यासारख्या गाडीत बसून दूर गेलेल्या बायांनो, माहेरची एखादी वस्तू उचलून आणली म्हणजे माहेर आपल्याबरोबर येतं, असं मला वाटायचं. तसं होत नाही. आमच्या घरचं अक्षर आता रतलामला आहे, दुसऱ्याच आडनावाला जोडून. त्याचं मला वाईट वाटत नाही. दीपक नाव त्याला शोभतं आणि मी ते परत देणार नाही. पण घर कुठलं म्हणून कोणी विचारलं, तर मी अक्षराचं काही सांगत बसत नाही. सुधीरला दर महिन्याला पत्र लिहिते आणि खाली सही करते, 'तुझी आत्या'. डहाणूच्या घरात माझं तेवढंच नाव आहे, आणि ते मला वहिनीने दिलंय.