वाटाण्याएवढी गोळी

शेजारचे भाऊसाहेब ओटीवर बसून आपल्या आजोबांची ठासणीची बंदूक पुसत होते. तिची गोळी वाटाण्याएवढी. काल त्याच गोळीने त्यांनी एक भेकर मारले होते. म्हणजे भेकर रक्त सांडत रानात पळून गेले होते.

"मोठ्या गोळीने कुणीही मारील. बारीक गोळीला नेम लागतो," ते मला म्हणाले.

हत्यार तोकडे असले की माणूस त्यालाच कसब म्हणतो, आणि ते कसब सोसावे मात्र दुसऱ्याच कुणाला तरी लागते.

इतक्यात शिकारीत रान उठवायला हाकारा घालणारा धाकू धापा टाकत आला. "भाऊनू, भेकर व्हाळाच्या पाण्यात पडलाहा. जीव आसा अजून. चला, एका घावात सोडवया तेका."

"तू हो पुढे," भाऊसाहेब चहा बशीत ओतत म्हणाले. "आणि मुंडकं माझ्याकडे आण हं. तो मान बार काढणाऱ्याचा."