नाताळच्या नाटकातलं खरं गाढव

मुहर्रकला राहायला गेलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. पप्पा पाळक होते. बहारीनमधल्या मराठी ख्रिस्ती माणसांसाठी नगरकडच्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्यांना तिकडे पाठवलं होतं. ही माणसं म्हणजे दवाखान्यांतल्या नर्सबाया, एसी दुरुस्त करणारे, ऑफिसांतले क्लार्क आणि अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले चार-पाच जण. सगळे मिळून तीस-पस्तीस. आमचं घर जुनं होतं, मधोमध अंगण आणि भोवती खोल्या. तेच आमचं देऊळ, तीच शाळा, तोच हॉल.

सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. गुरुवारी संध्याकाळपासून आई कणकेत हात घालून बसायची, कारण भक्तीनंतर कुणी उपाशी परत गेलेलं तिला चालत नसे. विमानतळ इतका जवळ होता की उपदेशाच्या मध्येच डोक्यावरून विमान जायचं आणि पप्पांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. पप्पा बोट तसंच हवेत धरून थांबत. विमान गेलं की अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू. आम्ही पोरं विमानाची वाट बघायचो.

पप्पांचा एक नियम फार कडक होता. ते म्हणायचे, "आपण इथे आपल्या माणसांसाठी आलोय. शेजाऱ्यांना उपदेश करायचा नाही. त्यांच्याशी नीट वागायचं, बस." त्यामुळे गल्लीत आमचं बोलणं 'सलाम'पुरतंच. गंमत म्हणजे आम्ही गावाकडेही एकमेकांना सलामच करायचो, त्यामुळे तो आम्हाला शिकावा लागला नाही. पहिल्याच दिवशी पप्पांनी वाकून केलेला सलाम पाहून समोरचे दुकानवाले चाचा म्हणाले होते, "पाद्रीसाहेब, तुमी तर आमचेच निघालात!" चाचा रत्नागिरीचे. मराठी ऐकायला मिळते म्हणून ते आम्हाला गिऱ्हाइकापेक्षा जास्त जीव लावायचे.

मी दहा वर्षांची झाले त्या साली नाताळच्या नाटकात मला मरियेचं काम मिळालं. माझे पाय जमिनीला लागेनात! निळी ओढणी मी शाळेतून आल्या आल्या डोक्यावर घ्यायचे आणि तशीच गृहपाठ करायचे. एकच दुःख होतं. आदल्या दोन्ही वर्षी आमचं गाढव म्हणजे राखाडी चादरीखाली वाकलेले दोन एसीवाले काका होते. मागच्या वर्षी मागचे काका शिंकले आणि मरिया पडली होती.

मी आईपाशी कुरकुर केली. आई पोळी लाटता लाटता थांबली. ती दवाखान्यात नर्स होती, उंच, आणि पप्पांच्या अगदी उलट. एखादी गोष्ट डोक्यात आली की तिला धीर निघत नसे.

"मग खरं गाढव आणू या की," ती म्हणाली.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे बहारीनी गृहस्थ राहायचे. गाड्यावर हिरवा चारा घालून ते घरोघरी विकायचे, ज्यांच्याकडे शेळ्या होत्या त्यांना. गाडा ओढायला एक पांढरंशुभ्र, उंच गाढव होतं. आमच्या गावातल्या कुंभाराची गाढवं त्याच्यापुढे भिकारी दिसली असती. पप्पांनी आधी सरळ नाही म्हटलं. आईने दोन दिवस पिच्छा पुरवला. शेवटी पप्पा चाचांकडे गेले, कारण चाचांना अरबी येत होतं.

"गाढव देतील ते," चाचा म्हणाले. "पण एक सांगतो पाद्रीसाहेब, रागावू नका. नाटकात आम्हा मुसलमानांतल्या कुणाला उभं करू नका हां."

"तेवढं मला कळतं," पप्पा म्हणाले.

म्हातारबाबा हो म्हणाले. फक्त गाढव दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाहीत, स्वतः घेऊन येतील आणि दाराशी उभे राहतील, एवढीच त्यांची अट.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी तीनला, अंगण गच्च भरलं. हवा गार होती. देवदूतांचे पुठ्ठ्याचे पंख एकमेकांत अडकत होते, मेंढपाळांनी डोक्याला टॉवेल बांधले होते. इतक्यात चाचा दुकानातून धावत आले. अस्करहून फोन होता. योसेफ होणाऱ्या दादाची शिफ्ट ऐनवेळी बदलली होती.

सगळ्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा शास्त्रातला भाग वाचणार होते, त्यांना हलता येत नव्हतं. कुणी काही बोलायच्या आत आई आत गेली आणि बाहेर आली ती दाढी लावून! डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, हातात लांब झाडूची काठी.

"पाळकीणबाई!" एक नर्सबाई ओरडली आणि हसता हसता खालीच बसली.

"योसेफ म्हणा," आई म्हणाली. "चला, यल्ला!"

म्हातारबाबांनी मला उचलून गाढवावर बसवलं. बाहुलीचं बाळ ओढणीत लपवून मी लगाम धरला. त्या उबदार पाठीवरून मला सगळ्यांची डोकी वरून दिसत होती. छातीत असं धडधडत होतं की वाटलं, गाढवालाही ऐकू येत असेल. पप्पांनी वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात विमान आलं. पप्पा थांबले. गाढव मात्र ढिम्म हललं नाही. ते मुहर्रकचंच होतं, विमानांचं त्याला काय! म्हातारबाबांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं.

विमान गेलं, आणि कोपऱ्यातल्या एसीवाल्या काकांनी भजन धरायला ढोलकीवर थाप मारली.

ढोलकी त्या गाढवाने जन्मात ऐकली नव्हती. त्याचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. मग ते असं ओरडलं की हार्मोनियमवाल्या मावशी भिंतीला टेकल्या. म्हातारबाबांच्या हातातला दोर सुटला आणि गाढव मला घेऊन दारातून थेट गल्लीत!

मी किंचाळले. पण खरं सांगते, दोन-तीन उड्यांनंतर ती किंचाळी भीतीची राहिली नव्हती. गल्लीच्या दोन्ही भिंती सपासप मागे जात होत्या. चाचांच्या दुकानाबाहेरची बटाट्याची टोपली उलटली. एक माणूस दाराला चिकटून उभा राहिला आणि मोठमोठ्याने काहीतरी म्हणाला. मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांत पुढे दाढीवाली आई, तिच्यामागे पांढरा झगा वर धरून धावणारे म्हातारबाबा, मग टॉवेलवाले मेंढपाळ, मग पंख गळालेले देवदूत आणि सगळ्यांच्या शेवटी हात उंच करून पप्पा, "थांबा! अहो, थांबा!" ते गाढवाला अहो म्हणत होते की मंडळीला, कोण जाणे.

गाढव कुठे जाणार? ते आपल्या घरी गेलं. उघड्या फाटकातून अंगणात शिरलं, आपल्या गव्हाणीपाशी थांबलं आणि जणू काहीच झालं नाही अशा थाटात चारा खाऊ लागलं. मी पुढे घसरले. बाहुली ओढणीतून निसटली ती थेट गव्हाणीत.

अंगणात चार बायका निवडण-टिपण करत बसल्या होत्या. म्हातारबाबांची बायको उठून आली. तिने माझ्याकडे पाहिलं, निळ्या ओढणीकडे पाहिलं, मग चाऱ्यात पडलेल्या गुंडाळलेल्या बाळाकडे पाहिलं.

"मरियम?" तिने विचारलं.

मला शाळेत अरबी शिकवत होते, पण त्या क्षणी एक शब्द आठवेना. मी नुसती मान हलवली. तिने मला खाली घेतलं, बाहुली उचलून तिच्यावरची गवताची काडी झटकली आणि माझ्या हातात दिली. मग ती अशी हसू लागली की बाकीच्या बायकाही हातातलं टाकून हसायला लागल्या. तेवढ्यात दाढीवाला एक उंच माणूस फाटकातून आत घुसला आणि बायकांनी भराभर डोक्यावरचे रुमाल पुढे ओढले. आईच्या ते लक्षात आलं. तिने खसकन दाढी ओढून काढली. त्यानंतरचा हशा विमानाच्या वर गेला असेल.

पप्पा फाटकाशीच उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. नाताळचं आख्खं सोंग गल्लीतून मिरवत नेल्यासारखं झालं होतं, आणि जी गोष्ट होऊ नये म्हणून ते दोन वर्षं जपत होते तीच झाली होती. ते म्हातारबाबांना धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "सॉरी, सॉरी. फार चूक झाली."

मागोमाग धावत आलेल्या चाचांनी ते अरबीत सांगितलं. म्हातारबाबांनाही धाप लागली होती. ते गुडघ्यांवर हात ठेवून हसले आणि म्हणाले, "मफी मुश्किल." काही हरकत नाही. मग चाचांकडे वळून बरंच बोलले.

"काय म्हणतायत?" पप्पांनी विचारलं.

"म्हणतायत, दोन वर्षं रोज दारावरून सलाम करून जाता, आत कधी आला नाहीत. आज गाढवानं आणलं, तर आता कॉफी घेतल्याशिवाय सोडत नाही."

पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, आम्ही बायका-पोरी अंगणात. देवदूतांनी खजूर खाल्ले, मेंढपाळांनी छोट्या कपांतून कडू कॉफी घेतली. म्हातारबाबांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, आईला हाताने बोलावून गुडघा दाखवला, सुजला होता. आईने दाबून पाहिला आणि खुणांनी सांगितलं, उद्या येते. तिथे कुणी कुणाला उपदेश केला नाही. नंतर आम्ही परत जाऊन नाटक पुरं केलं, मी पायी चालत आणि ढोलकीशिवाय. म्हातारबाबा दाराशी उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आई खरंच गेली. पुढे ती दर शनिवारी जाऊ लागली आणि मीही. त्या अंगणात मी शाळेत तीन वर्षांत आलं नसतं इतकं अरबी बोलायला शिकले. आईच्या पुरणपोळ्या तिकडे जायच्या आणि रमजानात त्यांच्याकडून हरीस नावाची गहू-मटणाची खीर यायची. पप्पा ती तिखट लोणच्याबरोबर खायचे.

वर्ष संपताना पप्पांना गावच्या मंडळीला कामाचा अहवाल पाठवावा लागे. त्या वर्षी ते टेबलापाशी बराच वेळ पेन धरून बसले होते.

"गाढवाचं लिहू का गं?" त्यांनी आईला विचारलं. "तिकडे काय म्हणतील?"

"झालंय ते लिहा," आई म्हणाली. "आणि मी दाढी लावली होती तेही लिहा."

पप्पांनी दोन्ही लिहिलं. महिन्याभराने गावाहून उत्तर आलं. मंडळीत अहवाल वाचताना वाचणाऱ्यालाच हसू आवरेना, म्हणून तो तिघांनी मिळून वाचून संपवला, असं त्यात होतं. पप्पांनी ते पत्र आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.