खेमराजची बॅटरी आणि चौदा सुया

पिसाळलेला कोल्हा एकाच सकाळी आम्हा पाच जणांना चावला, तेव्हा कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात मोटर एकच होती आणि ती चालवणाराही एकच, खेमराज. मालगुजारी गेल्यावर आमचा मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, नागपूरला जाऊन बसला आणि जाताना ते खटारं आपल्या या ड्रायव्हरच्या गळ्यात मारून गेला. 'तुझी सेवा लक्षात आहे,' असं म्हणाला म्हणे. सेवा कसली लक्षात राहते! ते खटारं नागपूरपर्यंत पोचलंच नसतं, एवढं त्याच्या लक्षात होतं.

मी गोवर्धन, खेमराजचा शेजारी. मला कोल्हा टाचेला चावला. खेमराजची बायको शामकला, तिला मनगटाला. बांधापलीकडच्या दोघी मायलेकींना पोटरीला. म्हातारा सुखराम वाकून धान कापत होता, त्याचा गालच फाडला. कोल्हा लोकांनी काठ्यांनी मारला, पण मेलेल्या कोल्ह्याचं विष काही मरत नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटात चौदा सुया सांगितल्या, रोज एक. "एक दिन का भी नागा नहीं होना चाहिए," ते म्हणाले. नागा झाला तर काय, हे सुखरामनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा रोग महिन्या-दोन महिन्यांनी उठतो, माणूस पाण्याला भितो, आणि एकदा उठला की जगात औषध नाही. आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहायचं टाळत बाहेर आलो.

गोंदिया अठरा कोस. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पावसात वाहून गेलेला, त्यामुळे प्रवाशांची सर्व्हिस मोटर दिवाळीनंतरच सुरू होणार होती. चौदा दिवस गोंदियातच राहा, असं सांगणारे शहाणे पुष्कळ निघाले. उभा धान कोण कापणार, गुरं कोण पाहणार, हे सांगणारा एकही नव्हता. खेमराज म्हणाला, "मी नेतो रोज. नाल्यातून तुमी लोटा, मी काढतो." पेट्रोलची सोय गावानं केली. अडचण होती ती बॅटरीची.

ही बॅटरी त्यानं पावसाळ्याआधी गोंदियातच निवडून आणली होती. दुकानदारानं दोन दाखवल्या, प्लेटा बदललेल्या दोन्ही. खेमराजनं दोन्ही हातांनी उचलून पाहिल्या आणि जड होती ती घेतली. जड ती खरी, असा त्याचा हिशेब. बैल घेतानाही तो असाच डोळे मिटून घ्यायचा, आणि बैल नेमका बसका निघायचा. सुयांच्या तिसऱ्या दिवशी मोटर दवाखान्यासमोर मुकाट उभी राहिली. दुकानदारानं बॅटरी तपासली आणि सांगितलं, "प्लेट बैठ गई. नई मँगाओ." नवी नागपूरहून येणार होती. कधी? येईल तेव्हा. तोवर धक्का मारून चालू करायची.

तेव्हापासून खेमराजचं खाणंपिणं सुटलं. दिवे लावायचे नाहीत म्हणून दिवस बुडायच्या आत परत यायचं. मोटर तलावाच्या पाळीवर चढवून ठेवायची, म्हणजे सकाळी उतारावर सोडून चालू करता येईल. पण बॅटरीत थोडाही जीव नसेल तर उतारावरही इंजिन घेत नाही, म्हणून तिला ओल लागू नये यासाठी तो रोज काढून घरी न्यायचा आणि धानाच्या तुसावर पाट मांडून त्यावर ठेवायचा. तिच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर धरायचा, तो सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन वर तेलकट बोट फिरवायचा. मग तिन्ही बुचं उघडून, काचेच्या बरणीत धरून ठेवलेलं पावसाचं पाणी थेंबथेंब आत सोडायचा. शामकला सुयांनी सुजलेलं पोट धरून हे सगळं बघत बसायची. "इले कायची एवढी तहान लागते?" तिनं एकदा विचारलं. "रोज अठरा कोस जाऊन येते, तहान नाही लागन का?" खेमराज म्हणाला. त्याला वाटलं गंमत केली.

अकरा सुया झाल्या. बाराव्या दिवशी गायगोधन होतं. त्या सकाळी आमच्याकडे गुरांना न्हाऊ घालतात, शिळंपाकं टाकून ताजं रांधून भरवतात. खेमराज पाळीवर मोटर पुसायला गेला होता. शामकलेला वाटलं, अकरा दिवस आपला जीव हिनं ओढला आणि हिला काय मिळालं, तर नुसतं पाणी. तिनं बॅटरी परसात नेऊन पालथी केली, आतलं आंबट, शिळं पाणी ओतून दिलं. पायाला चरचरलं, लुगड्याच्या काठाला भोकं पडली, तरी तिला वाटलं शिळं म्हणून असं. मग मीठ घातलेली तांदळाची पेज गाळून तिन्ही तोंडांत काठोकाठ भरली, वर कुंकू लावलं, आणि हात जोडले.

खेमराज आला आणि बॅटरी उचलताच पेज त्याच्या हातावर सांडली. तो खाली बसला आणि म्हणाला, "काऊन केलं व?" ती सांगायला लागली, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून अर्ध्यातच थांबली.

तो कोहमाऱ्याला धावला. सणाचा दिवस, सडकेवर एक ट्रक नाही. परत आला तेव्हा उन्हं कलली होती. दोन बैलगाड्या जुंपल्या आणि आम्ही निघालो. बैलाची चाल ती बैलाची चाल. खेमराज सारी वाट खाली उतरून बैलांच्या बरोबर पळत होता, जसं काही त्यानं लवकर पोचायला होणार होतं. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर दवाखाना गाठला. बारावी सुई चुकली ती चुकलीच. उरलेल्या तिथंच राहून घेतल्या. परत आलो तेव्हा धान बांधीत झडून गेला होता, आणि त्याच दिवशी नागपूरहून नवी बॅटरी आली. खेमराजनं ती उघडूनसुद्धा पाहिली नाही.

पौषात सुखरामनं पाण्याचा लोटा पाहिला आणि तो भिंतीत शिरायला बघू लागला. दोन दिवस मी त्याच्याजवळ बसलो. ते मी इथे लिहिणार नाही. मलाही तोच कोल्हा चावलेला होता, आणि म्हाताऱ्याच्या जागी मी स्वतःला पाहत होतो, एवढंच सांगतो.

सुखरामला माती देऊन आलो तेव्हा त्याच्या अंगणात शामकला उभी होती. भीतीनं माणूस कसायाहून वाईट होतो. मी तिला म्हणालो, "वयनी, तुमची पेज लागली पाहा बुढ्याले. आता आमचे नंबर." ती पदर डोक्यावर ओढून घरी गेली.

गालावरचा चावा मेंदूच्या जवळ असतो, चौदाच्या चौदा सुया पडल्या असत्या तरी म्हातारा वाचला असता याची खात्री नव्हती, हे दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला पुढे सांगितलं. तोवर मी बोलून चुकलो होतो.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला खेमराज अनवाणी धावत आला. तोंड पांढरंफटक. "गोवर्धन, शामकला पाणी पिऊन नाही राहिली. कालपासून एक घोट नाही. तू बुढ्याजवळ होता, तू पाहून सांग."

मी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि भरलेला लोटा तिच्या मांडीवर होता. दोन्ही हातांनी धरलेला. सुखराम लोट्याकडे बघूही शकत नव्हता, पाण्याचा आवाज ऐकूनही त्याच्या गळ्याला आकडी यायची. हिचे डोळे शांत होते. मला कळलं, हा कोल्ह्याचा रोग नाही. हा माझा चावा आहे.

खेमराज तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता. "एक घोट घे व. तुह्या पाया पडतो, एक घोट." एवढा धिप्पाड माणूस, हात जोडून विनवत होता. तो समोर होता आणि मला खरं बोलण्याची हिंमत झाली नाही. मी तिच्या हातातून लोटा घेतला, वरून धार धरून अर्धा प्यालो आणि परत तिच्यापुढे केला.

"मलेबी थोच चावला, वयनी," मी म्हणालो. "मी पेलो. तुमीबी प्या. मी हात जोडतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग लोटा तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. खेमराज तिच्या गळ्याकडे बघत होता, एकेक घोट उतरताना. लोटा रिकामा झाला तसा तो जमिनीवर आडवा झाला आणि मोठ्यानं रडला.

"कालपासून काऊन नाही पेली?" नंतर त्यानं विचारलं.

"तहान नव्हती," ती म्हणाली.

रोग पुढे आमच्यापैकी कुणालाच उठला नाही, आणि ती त्यानंतर तीस वर्षं जगली. मी काय बोललो होतो, ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही, मीही नाही. आणि खेमराज मरेपर्यंत कोहमाऱ्याच्या चौकात, भेटेल त्याला सांगत राहिला की त्या संध्याकाळी गोवर्धन आला म्हणून माझी बायको वाचली.