तिसरी हाक

माणसाला हाक कशी मारावी हे जाणणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि तो शाळेत नव्हे, महसूल खात्यात होता. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, विट्याकडच्या एका गावी मंडळ अधिकारी होते. सातबाऱ्यावरच्या नावाला कोणी हरकत घेतली, की सुनावणी त्यांच्यापुढे होई. पक्षकाराच्या नावाचा पुकारा करणे हे वास्तविक कोतवालाचे काम. पण भाऊजी स्वतःच करत. पहिला खुर्चीतून, दुसरा व्हरांड्यातून आणि तिसरा थेट समोरच्या चहाच्या गाड्यापाशी जाऊन. त्यानंतरही ‘गैरहजर’ लिहिताना त्यांचे पेन अडखळे. मी शिक्षिका; हजेरीला उत्तर आले नाही की वर्गात फुली मारते, हे ऐकून ते व्यथित झाले होते. “मेहुणीबाई, पोरगं बाकाखाली पेन्सिल शोधत नव्हतं ना, हे पाहिलंत का?” घरीही तोच न्याय. मांजरीने दूध सांडले आणि बहीण लाटणे घेऊन धावली, तेव्हा ते आडवे आले. “थांब, तिचं म्हणणं ऐकलेलं नाही.” बहीण म्हणाली, “मग लिहून घ्या तिचं म्यांव!”

एकदा मी त्यांचा डबा घेऊन कार्यालयात गेले होते. व्हरांड्यात माझ्याशेजारी एक म्हातारी बसली होती. नाव विचारले तर म्हणाली, “लक्ष्मीबाई.” आत एक गृहस्थ उभे होते, परमुलखात गलाईचे, म्हणजे सोने गाळण्याचे, दुकान चालवून परतलेले. वडिलांच्या जमिनीला लागलेले बहिणीचे नाव काढावे, तिने तोंडी हक्क सोडला आहे, असे त्यांचे म्हणणे. बहीण आली नाही, तर तेवढेच ऐकून निकाल होणार होता.

“चंद्रभागा गणू!” भाऊजींनी दोनदा पुकारले. कोणी हलले नाही.

“आवं सायब, ती न्हाई यायची. धा वर्सं बोलत न्हाई आमी.”

भाऊजींनी पेन उचलले, खाली ठेवले. “लग्नात नाव बदललं होतं तिचं?”

“व्हय. सासरचं काय ते ध्यानात न्हाई.”

“आणि लहानपणी तुम्ही काय म्हणत होता?”

गृहस्थ घुटमळले. “चिमे.”

“मग तिसरी हाक तुम्ही मारा.”

“मी? माज्याच इरुद्ध?”

“हाक कुणाच्या विरुद्ध नसते.”

ते दाराशी आले. मग एकदम, शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक आली, “चिमेऽऽ!” माझ्याशेजारची म्हातारी ताडकन उठली. “आले रं दादा!” म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आले, की आपण कुठे आहोत. पदर सावरत ती आत गेली.

“हक्क सोडलात का, आजी?” भाऊजींनी विचारले.

“न्हाई, सायब. इचारलंच न्हाई कुणी.”

भावाने मान खाली घातली. तिचे नाव सातबाऱ्यावर कायम राहिले. भाऊजींनी हजेरीच्या रकान्यात ‘हजर’ हा शब्द इतक्या सुबक अक्षरात लिहिला, की मी त्यांना दहापैकी दहा दिले असते.

आता ते निवृत्त आहेत. बहीण जाऊन तीन वर्षे झाली. त्यांना कमी ऐकू येते. मी फाटकातून एक हाक मारते, पायरीवरून दुसरी. तिसरीसाठी त्यांचे लहानपणीचे नाव ठाऊक असलेले आता कोणी उरलेले नाही. म्हणून मी जवळ जाते आणि खुर्चीच्या हातावर टिचकी मारते. ते चष्मा सावरतात, मला ओळखतात आणि म्हणतात, “हजर.”