टोपीच्या अस्तरातलं नाव

सौदीतल्या जिझानच्या रिफायनरीत असताना मला जुन्या लष्करी टोप्या जमवायचा नाद लागला. सीमेपलीकडे येमेनमध्ये साठच्या दशकात यादवी झाली होती. इमामाचे, म्हणजे तिथल्या राजाचे लोक एकीकडे, त्यांना सौदीची मदत; प्रजासत्ताकवाले दुसरीकडे. त्यातल्या टोप्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या येमेनी दुकानदाराकडे मिळायच्या. कुठली कोणत्या बाजूची विचारलं, की तो दर वेळी वेगळंच सांगायचा. तरी मी अंदाजाने इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवायचो. बायको म्हणायची, "मेलेल्यांच्या टोप्या घरात कशाला?" मी नवी टोपी फळीवर मांडत राहायचो.

सौदीकरणाचे, परदेशी लोकांच्या जागी स्थानिकांना नेमायचे दिवस होते. ज्याला माझं काम शिकवून मी परत जायचं होतं, तो तरुण सौदी इंजिनिअर एकदा घरी चहाला आला. एक टोपी उलटी करून अस्तरावरची पुसट अक्षरं वाचत राहिला.

"सर, हे माझ्या आईच्या मामांचं नाव आहे. गावही तेच, तिच्या आजोळचं."

"ते कुणाच्या बाजूने लढले?"

"लढले? ते एडनला नोकरीला गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच आम्हाला सांगितलंय."

टोपीवर माझी 'प्रजासत्ताक' अशी चिठ्ठी होती. ती घाईघाईने सोलून मी टोपी त्याच्या हातात दिली.

चार दिवसांनी त्याने ती ऑफिसात परत आणली. "आई म्हणते, हे तिचे मामा नव्हेत. त्या नावाची पुष्कळ माणसं असतात." बोलताना तो कंट्रोल रूमच्या स्क्रीनकडे बघत होता.

घरी आल्यावर पाहिलं, तर फाटलेलं अस्तर कुणीतरी बारीक टाके घालून शिवलं होतं. बॅजवरचा गरुड पुसून लख्ख केला होता.

"परक्याची टोपी अशी कोण शिवतं?" बायको म्हणाली.

"मग तो खोटं बोलला?"

"मला काय ठाऊक!"

त्याने माझी चिठ्ठी वाचली असेल का, त्यामुळे काही बिघडलं का, हेही मला कळेना.

जाण्याआधी बाकीच्या टोप्या मी दुकानदाराला देऊन टाकल्या. ही मात्र पुन्हा त्या तरुणापुढे धरली. त्याने हात मागे घेतले.

"तुमच्याकडेच ठेवा, सर. पण विकू नका."

आता ती नाशिकला माझ्या कपाटात आहे. कुणाची म्हणून ठेवली आहे, ते अजून मला नीट सांगता येत नाही.