समीक्षाची ओ

आमच्या समीक्षाला कुणी मुकी म्हटलं, तर मी त्याची खरडपट्टी काढते. माझ्या भावाची मुलगी ती, तेवीस वर्षांची. इब्रामपूरच्या सगळ्या बसगाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. पण नावानं हाक मारा, ढिम्म! ऑटिझम आहे, हे आम्हाला ती सहा वर्षांची झाल्यावर कळलं. तिची आई सरस्वती जन्मभर हाका मारत राहिली. पोरीच्या एका ‘ओ’साठी तिनं देव पाण्यात घातले होते.

पेडण्याला अशा तरुण मुलांसाठी वर्ग निघाला. विनोदिनी टीचर परदेशी पुस्तकावरून शिकवायची, चारचौघांत कसं वागावं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, पहिल्या हाकेला ओ द्यावी. मी तिथंच भांडले. “भर दुपारी हाक आली तर तिसरीपर्यंत थांबायचं असतं, बाय! भुतं तिसरी हाक मारत नाहीत. तुमच्या पुस्तकवाल्यांना काय ठाऊक?”

ती हसली. “काकी, कामाच्या जागी साहेब तीनदा हाक मारणार नाही.”

मी समीक्षाचं नाव काढून तिला घरी आणलं. सरस्वती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच वैशाखात, भर दुपारी मी तांदूळ निवडत होते. परसातून हाक आली, “वन्सं!” मला वन्सं म्हणणारी एकटी सरस्वतीच. थोड्या वेळानं पुन्हा, “वन्सं!” मी तिसरीची वाट बघत बसले. तिसरी आलीच नाही. शेवटी उठून परसात गेले, तर विहिरीपाशी ती पडली होती, हात छातीवर. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या दोन हाकांचं मी कुणालाच सांगितलं नाही, भावालासुद्धा नाही.

बारावं झाल्यावर मीच समीक्षाला घेऊन पेडण्याची बस धरली. “शिकव गो, पहिल्याच हाकेला,” विनोदिनीला म्हटलं. वर्षभर घासलं. टीचरनं पुस्तकात आपल्या रीतीही घातल्या. कुणाकडून निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं. मग समीक्षा ‘येते’ म्हणाली की पाचव्या मिनिटाला खरंच परत त्या घरी हजर! हसून पुरेवाट. आणि एक दिवस मी हाक मारली, तशी तिनं मान वर केली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, “ओ, आते.” मी ढसाढसा रडले. जिनं ऐकायला हवं होतं, ती नव्हती.

काल दुपारी आम्ही दोघी परसाकडच्या उघड्या जनेलापाशी काजू निवडत होतो. वारा पडलेला, कोंबड्यासुद्धा गप्प. एकाएकी समीक्षाचे हात थांबले. तिनं मान वर केली, विहिरीकडं रोखून बघितलं.

“ओ,” ती म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. “कुणाला ओ देतेस गो?”

“आईला.”

मी तिचं मनगट घट्ट धरलं. पोरीला न्यायला आली की काय ही, एवढंच डोक्यात. “तू जायचं नाहीस! तिनं कितीही बोलावलं तरी नाही!”

“मला नाही बोलावलं,” समीक्षा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमतच नाही. “‘वन्सं’ म्हणाली. दोनदा. तू ओ दिली नाहीस, म्हणून मी दिली.”

मी तिचं मनगट सोडून दिलं. ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली, मी काय म्हणते याची वाट बघत.