चार वर्षांनंतरची पहिली भेट

माझ्या मैत्रिणीचं आणि आमच्याच कंपनीतल्या एकाचं चार वर्षं प्रेमप्रकरण चाललं होतं आणि त्या चार वर्षांत मला कंपनीच्या बसमध्ये धड डुलकी काढता आली नाही. हिंजवडीला जाताना ती शेजारी बसून त्याच्या तक्रारी सांगायची आणि येताना तो पुढच्या सीटवरून मान वळवून तिच्या. भांडण त्यांचं, डोकं माझं दुखायचं. एकदाचं लग्न करा आणि मला मोकळं करा, असं मी दोघांना हात जोडून सांगत असे.

बरं, अडचण म्हणावी तर काहीच नव्हती. जात एक, शिक्षण सारखं. पण त्याच्या थोरल्या भावानं घरी न सांगता कोर्टात लग्न केलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गावातल्या लग्नांना जाणंही सोडलं होतं. धाकटी सून मी स्वतः बघून आणणार, एवढंच ते म्हणायचे. म्हणून यानं शक्कल काढली. स्थळ म्हणून आबांनीच तिला बघायचं, पसंत करायचं, आणि आपली ओळखच नाही असं दोघांनी दाखवायचं.

"अरे, सरळ सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"एकदा तरी त्यांना वाटू दे, की पोरानं आपल्याला विचारलं."

तिला हे मुळीच पटलं नव्हतं, पण त्याच्या प्रेमापोटी ती तयार झाली. आणि लग्नं जुळवायची हौस असलेली मावशी कुणाची, तर माझीच. म्हणजे मी अडकलेच.

एका रविवारी सकाळी गाडी लांब लावून ते कसबा पेठेतल्या तिच्या घरी आले. आबा, त्याची आई आणि तो. मी मावशीशेजारी बसले होते. मैत्रीण पोहे देऊन समोर बसली, तसा हा घसा खाकरून म्हणाला, "तुम्हाला छंद काय आहेत?"

"वाचन," ती म्हणाली. कॉलेज सुटल्यापासून तिनं पुस्तक हातात धरलं नव्हतं, हे त्या खोलीत त्याला आणि मला चांगलंच माहीत होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तिच्या वडिलांनी "आणखी काही असेल तर मोकळेपणानं विचारा" म्हटलं आणि याच्या अंगात आलं.

"याआधी कुणाशी काही... म्हणजे, होतं का? आजकाल विचारलेलं बरं."

मावशीचा चमचा हवेतच राहिला. मला तर बशी फेकून मारावीशी वाटली. मैत्रिणीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ते नाटक नव्हतं.

"होतं," ती म्हणाली. "चार वर्षं. घरी सांगतो, सांगतो म्हणायचा. अजून सांगितलं नाही त्यानं."

तिची आई पांढरीफटक पडली. आबांनी मात्र बशी खाली ठेवली आणि मायेनं म्हणाले, "खरं बोललीस पोरी, बरं केलंस. पर बापाफुडं बोलायची ज्याच्यात धमक न्हाय, असल्याच्या नादी लागू नगंस."

त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतले शेंगदाणे बघत बसले. या वेळी मी काहीही सांगणार नव्हते.

"आबा," तो शेवटी म्हणाला, "त्यो मीच हाय."

"थोरल्यानं सांगितलं न्हाय," आबा म्हणाले, "पर त्यानं माझ्याफुडं असं सोंग तरी केलं न्हाय. मी खरंच सून बघाया आलोय म्हणून नवी टोपी घालून आलो."

तो रडायलाच लागला, नाक पुसत, सगळ्यांसमोर. त्या म्हाताऱ्याचं मला फार वाईट वाटत होतं.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मैत्रिणीला म्हणाले, "आता तूच सांग. तुला ह्यो चालतोय का?"

"मला जरा विचार करू द्या," म्हणून ती आत गेली.

"फोनवर कळवू की आपण," मावशी घाईघाईनं म्हणाली.

"आम्ही बसलोय हितं," आबा म्हणाले. आणि खरंच बसले. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरणाला फोडणी पडली, तरी कुणी उठायचं नाव घेईना.

ती बाहेर आली ती त्याला ओलांडून थेट आबांसमोर बसली.

"तुम्ही सून बघायला आला होतात ना? मग आधी तुम्ही सांगा. मी पसंत आहे का?"

आबांनी टोपी सारखी केली.

"तू पसंत हायेस," ते म्हणाले. "ह्याचं मला इचार करून कळवावं लागंल."